सात दाखले आणि एक खरा अर्ज

आयुष्यात मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे त्यांचे नाव शेख गफूर. कचेरीत सगळे त्यांना गफूरबाबू म्हणत. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, त्यांचे घर होते. ते माझ्या नात्याचे नव्हते, जातीचे नव्हते, धर्माचेही नव्हते. कचेरीत माझ्या समोरच्या टेबलावर बसत, एवढाच आमचा संबंध. त्यांनी माझ्या मर्जीविरुद्ध माझा जीव वाचवला आणि त्याबद्दल मी त्यांना तोंडावर नाही नाही ते बोललो. म्हणून पहिले नाव त्यांचे.

माझ्या आजाराला त्याचे खरे नाव मिळाले त्या दिवशीही तेच माझ्याशेजारी होते. अमरावतीचा दवाखाना, सकाळची वेळ. डॉक्टरांनी माझे डोळे पाहिले, जीभ पाहिली, दोन्ही हात पुढे धरायला लावले. आज वार कोणता, हे विचारले. मला सांगता आले नाही. मग त्यांनी अकोल्याहून आलेल्या कागदांचा गठ्ठा बाजूला सारला.

"तायडे, तुम्हाला मलेरिया नाही. कधीच नव्हता. याला आम्ही टॉक्सिक सायकोसिस म्हणतो."

या शब्दाचा अर्थ त्यांनी मला समजेल असा सांगितला. टॉक्सिक म्हणजे विषारी. सायकोसिस म्हणजे मनाचा तोल इतका जाणे, की जे नाही ते दिसते, जे कोणी बोलले नाही ते ऐकू येते आणि तेच खरे वाटते. गांजाने माझ्या मनाची ही गत केली होती. पण मन त्याच्या आधीच थकलेले होते, हेही ते म्हणाले.

"म्हणजे वेड लागलं म्हणा ना साहेब," मी म्हणालो.

"मी नाही म्हणत. वेड हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा शब्द आहे. दवाखान्यात आजाराला आजाराचं नाव असतं."

गफूरबाबूंनी एकच विचारले, "साहेब, बरा होईल का हा?"

"होईल. पण मला सगळं खरं सांगावं लागेल."

"आता खरंच सांगून राहिलो साहेब," गफूरबाबू म्हणाले. "खोट्याची दवा घेऊन पाह्यली यानं. कान फुटायची पाळी आली."

ते असे का म्हणाले हे सांगायला मला थोडे मागे जावे लागेल.

माझे गाव बार्शीटाकळीजवळ. बा गावकीची कामे करी. सांगावे पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे. छप्पन साली आम्ही धम्म स्वीकारला तेव्हा त्याने ती कामे सोडली आणि शेतमजुरी धरली. मी आमच्या घरातला पहिला मॅट्रिक. अमरावतीच्या कॉलेजातून, वसतिगृहात राहून, मी बी. ए. झालो. नोकरी लागली तेव्हा बाने गावात फिरून सांगितले, "माह्या पोराची सही आता सरकारी कागदावर चालते."

हे खरे होते. मी अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत नक्कल विभागात लागलो होतो. जुन्या कागदांच्या नकला हाताने लिहायच्या. नक्कल लिहून झाली की तिची रुजवात घ्यायची. म्हणजे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून शब्द न् शब्द जुळवत जायचे. मग दोघांनी सही करायची. गफूरबाबू आणि मी रुजवातीचे जोडीदार. त्यांना मोडी येई, उर्दू येई. मोडी त्यांनीच मला शिकवली. माझे अक्षर पाहून एकदा म्हणाले, "तायडे, तुयं अक्षर म्हणजे वळीनं लावलेली कपाशी हाय लेका."

पहिली दोन वर्षे मी एकही रजा घेतली नाही. अंगात ताप असतानाही कचेरीत गेलो. कारण मी टेम्पररी होतो. कायम होण्याआधी कोणाला बोट दाखवायला जागा द्यायची नाही, असे मी ठरवले होते. विभागात एक गृहस्थ होते, ते पान खाता खाता म्हणत, "तायडेबाबूंना काय फिकीर? सरकारचे जावई ते." लोक हसत. मीही हसत असे. घरी येऊन मात्र ते वाक्य माझ्याबरोबर जेवायला बसे.

लिहिलेले प्रत्येक पान मी तीन तीनदा तपासू लागलो. मग पाच वेळा. जेवण जाईना. झोप उडाली. डोक्यात दिवसभर रुजवात चाले, शब्दाशी शब्द. याला अँक्झायटी म्हणतात, म्हणजे कारण नसताना किंवा कारणापेक्षा फार मोठी काळजी लागणे, हे मला नंतर कळले. तेव्हा मला एवढेच माहीत होते, की शिकलेल्या माणसाने अशी तक्रार करायची नसते. उन्हातान्हात राबणाऱ्या बाला मी काय सांगणार होतो? खुर्चीवर बसून थकलो म्हणून?

मोर्णेच्या काठी एका पडक्या मठाशेजारी संध्याकाळी काही मंडळी बसत. त्यांत एक ओळखीचा होता. तो म्हणाला, "अबे, झोप नाई येत? दोन दम मार. लेकरासारखा झोपशीन." ओल्या फडक्यात धरलेली चिलीम त्याने पुढे केली. मी दोन दम मारले आणि त्या दिवशी खरोखर लेकरासारखा झोपलो. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. हे मी मुद्दाम लिहितो आहे. गांजाने पहिल्या दिवशी मला दुःख दिले असते तर मी दुसऱ्या दिवशी तिकडे गेलोच नसतो. त्याने सुख दिले. फसगत तिथेच झाली.

आधी आठवड्यातून एकदा, मग रोज संध्याकाळी, मग सकाळी कचेरीत जाण्याआधीही. माझी बायको शांता हिने एकदाच तोंड उघडले. "तुमी घरी असता, पन घरात नसता," ती म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो.

आता माझ्या रजा सुरू झाल्या. सकाळी अंथरुणातून उठवत नसे, म्हणून दुपारी एका वैद्याकडे जाऊन दाखला आणायचा. कचेरीत ही रीतच होती. लग्न असो, पेरणी असो, सासुरवाडी असो, अर्जात कारण एकच, ताप. वैद्य न तपासता लिहून देई, "मलेरियाचा ताप, तीन दिवस विश्रांतीची गरज." कोणालाच त्यात काही वाईट वाटत नसे. आठ महिन्यांत माझे असे सात दाखले झाले. बहुतेक सोमवारचे. सुपरिटेंडंट साहेब सही करताना म्हणाले, "तायडे, तुमचा ताप शंकराचा भक्त दिसतो. सोमवार चुकवत नाही."

गफूरबाबू हसले नाहीत. रुजवातीला बसलो, की ते माझी चूक बोटाने दाखवत. काही बोलत नसत. एखादे पान फारच बिघडले तर घरी नेत आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातचे नवे पान फाईलला लागलेले असे. मला याची लाज वाटायला हवी होती. मला उलट संशय येऊ लागला. हा म्हातारा माझी पाने कुठे नेतो? कोणाला दाखवतो?

मग मला कपाटांतल्या दप्तरांतून आवाज येऊ लागले. कोणी तरी हळू आवाजात कागद वाचत आहे आणि त्यात माझे नाव आहे. कोणता कागद ते कळत नसे. पण कोणत्या तरी दप्तरात माझ्या बडतर्फीचा जुना हुकूम आहे, अशी माझी खात्री झाली.

एके दिवशी दुपारी आम्ही एका जुन्या वाटणीपत्राची रुजवात घेत होतो. मी वाचत होतो, गफूरबाबूंचे बोट चालले होते. वाचता वाचता मी वाचले, "काशिराम तायडे, यास काही नाही. याचे मुलास बसण्यास जागा नाही."

बोट थांबले. काशिराम हे माझ्या बाचे नाव.

"कुठं हाय हे?" त्यांनी विचारले.

"हे काय! इथं लिहिलं आहे."

"तायडे, तिथं विहिरीचं लिवलं हाय. उत्तरेकडली विहीर सामायिक."

मी उठलो आणि ओरडू लागलो. तुम्हीच हे लिहिले, तुम्ही सगळ्यांनी मिळून लिहिले, असे काहीसे. कागद फाटेल म्हणून कोणी तरी माझा हात धरला. गफूरबाबूंनी आधी मूळ कागद माझ्या बोटांतून सोडवून कपाटात ठेवला, कुलूप लावले आणि मग मला मिठीत धरून बाहेर आणले. हे मला नंतर शिपायाने सांगितले. मला फक्त त्यांच्या शेरवानीतला अत्तराचा वास आठवतो.

अकोल्याच्या दवाखान्यात मला दाखल केले. कचेरीतून माझी रजेची फाईल आली. डॉक्टरांनी पाहिले, की या माणसाला आठ महिन्यांत सात वेळा मलेरिया झालेला आहे. आता तो बडबडतो आहे, माणसे ओळखत नाही. त्यांनी जो अर्थ काढला तो कोणत्याही शहाण्या डॉक्टरने काढला असता. सेरेब्रल मलेरिया, म्हणजे मेंदूत गेलेला हिवताप. रक्त तपासले, त्यात काही निघाले नाही. पण कधी कधी एका तपासणीत निघत नाही, असे म्हणून त्यांनी क्विनिन सुरू केले. चूक डॉक्टरांची नव्हती. चूक माझ्या दाखल्यांची होती.

क्विनिन कडू असते हे सर्वांना ठाऊक आहे. त्याने कान वाजतात हे कमी लोकांना ठाऊक असेल. ज्याच्या कानात आधीच माणसे बोलत आहेत, त्याच्या कानात तुम्ही आणखी घंटा बांधल्या तर काय होईल? मी भिंतीवर डोके आपटू लागलो. चौथ्या दिवशी मला खाटेला बांधावे लागले.

गफूरबाबू रोज कचेरी सुटल्यावर येत. त्या चौथ्या दिवशी त्यांनी खाटेच्या पायाशी लटकवलेले कागद वाचले. ते डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच बोलले. मला ते शांताने सांगितले, ती दाराशी होती.

"डॉक्टरसाब, याले कधी मलेरिया झालाच नाई. हे सातही दाखले पाहा. शब्दाले शब्द एक. इतकं सारखं तर मले बी लिवता येत नाई, अन् माही हयात गेली नकला लिवण्यात. हा पोरगा गांजा पेते. आठ महिने झाले. मले माहीत होतं अन् मी चूप होतो."

डॉक्टरांनी त्याच घटकेला क्विनिन बंद केले. अमरावतीला त्यांचे एक वर्गमित्र होते. त्यांनी मनोविकारांचा अभ्यास केला होता. त्यांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. दोन दिवसांनी कान जरा शांत झाले आणि मला समजले, की गफूरबाबूंनी काय केले आहे. खोटे दाखले आणि गांजा, दोन्ही आता दवाखान्याच्या कागदावर आले होते. टेम्पररी माणसाला घरी पाठवायला यातले एकही पुरेसे होते.

"तुम्ही माझी भाकर हिसकावली," मी त्यांना म्हणालो. "माझ्या बाच्या तोंडातली हिसकावली. तुमची पेन्शन पक्की आहे. तुमचं काय जातं?"

ते स्टुलावर बसून संत्रे सोलत होते. सोललेली फोड त्यांनी माझ्यापुढे धरली. "शिव्या देऊन झाल्या का? मंग हे खाय. परवा बडनेऱ्याले गाडी बदलाची हाय, पोटात काही पायजे."

अमरावतीत मी सात आठवडे होतो. पहिले दहा दिवस मला फक्त झोप आठवते. क्लोरप्रोमाझिन नावाच्या गोळ्या होत्या. हे औषध तेव्हा आपल्याकडे नवेच होते. त्याने डोक्यातली गर्दी हळूहळू पांगते. अकराव्या की बाराव्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा मला कबुतरांचा आवाज आला आणि त्या आवाजात माझे नाव नव्हते. मी बराच वेळ ऐकत पडलो.

ज्यांच्या वाट्याला हे येईल त्यांना सांगतो, की बरे होणे सरळ चढणीसारखे नसते. आवाज गेले, पण गोळ्यांनी तोंड कोरडे पडले, मान अवघडली आणि हात थरथरू लागले. मी पाटीवर 'अ' काढला तर तो भूकंपात सापडल्यासारखा दिसे. मी रडलो. गांजाने माझे डोके नेले, औषधाने हात नेला, आता नक्कलनविसाजवळ राहिले काय? डॉक्टरांनी समजावले, की हा औषधाचा दुष्परिणाम आहे, मात्रा कमी केली की जाईल. त्यांनी मात्रा कमी केली. रोज सकाळी एक पाटी भरायची, हे काम मला लावून दिले. अशा कामालाही औषधच म्हणतात, ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे हाताला काम देऊन मन बरे करणे. तिसऱ्या आठवड्यात माझ्या ओळी सरळ झाल्या. पाचव्या आठवड्यात शेजारच्या खाटेवरचे आजोबा त्यांची घरची पत्रे माझ्याकडून लिहून घेऊ लागले.

बा एकदा आला. गावाहून पायी बार्शीटाकळी, तिथून मोटार, मग रेल्वे. त्याने डॉक्टरांना हात जोडून विचारले, "साहेब, हे शिकल्यानं झालं काय?" बाला वाटत होते, की आपल्या पोराला झेपेना इतके आपण त्याला शिकवले.

डॉक्टर म्हणाले, "नाही बाबा. शिकल्याने नाही. एकट्याने सोसल्याने झालं."

बाने मान हलवली. जाताना मला म्हणाला, "मी बैल होतो रे बापू, मले कळत नाई. पन तू मले सांगाले पायजे होतं. बैलाले बी दुसरा बैल जोडीले लागते."

सुटी मिळायचा दिवस आला. डॉक्टर दाखला लिहायला बसले आणि पेन हातात धरून म्हणाले, "तायडे, मी 'नर्व्हस डिबिलिटी' लिहून देऊ शकतो. म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा. तसं ते खोटं नाही आणि कचेरीत कोणी जास्त विचारत नाही. नोकरी वाचेल."

मी गफूरबाबूंकडे पाहिले. ते मला न्यायला आले होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. "माह्याकडं काहून पाहतं? मागच्या खेपेले मी बोललो. आता तू बोल."

या क्षणाचा मला आजही अभिमान वाटतो, तो मी लपवणार नाही. बी. ए. झालो तेव्हाही इतका वाटला नव्हता. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, जे झालं तेच लिहा. एकदा खोट्या आजाराच्या गोळ्या खाऊन झाल्या आहेत."

त्यांनी लिहिले. मी त्या दाखल्याला माझा अर्ज जोडला. अर्जात गांजा लिहिला, आवाज लिहिले आणि पूर्वीचे सात दाखले खोटे होते हेही लिहिले. वैद्याचे नाव लिहिले नाही. माझी चूक मी सांगायची, दुसऱ्याची त्याने. अर्ज एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता, माझ्या पूर्वीच्या अक्षरात उतरला.

सुपरिटेंडंट साहेबांनी तो दोनदा वाचला. मग दार लोटून घेतले.

"तायडे, हे सात दाखले मंजूर कोणी केले?"

"आपण, साहेब."

"म्हणजे याचं उत्तर मलाही द्यावं लागेल."

त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला.

"हा अर्ज परत घ्या. ताप लिहा. मी आत्ता सही करतो, तुम्ही उद्यापासून टेबलावर."

"साहेब, त्याच तापाची गोळी खाऊन मी खाटेला बांधलो गेलो होतो. आता ताप नाही लिहिणार."

ते टेबलावरची काच पुसू लागले. "सोमवारची थट्टा मीच केली होती ना?" ते म्हणाले. "विचारायला पाहिजे होतं. थट्टा केली." आणि अर्ज वर पाठवला. त्यावर त्यांनी स्वतःचा शेरा लिहिला, की या विभागात दाखले न पाहता मंजूर होत आले, त्याची जबाबदारी माझी. आणि खाली, की तायडे यांच्या हातची एकही चुकीची नक्कल बाहेर गेलेली नाही. हे खरे होते. ती कोणामुळे गेली नाही, हे मी तोंडी सांगितले. गफूरबाबू रागावले. "माहं नाव कायले घुसडतं त्यात?"

सहा आठवडे निकाल आला नाही. मी रोज जुने शहर ओलांडून कचेरीच्या फाटकापर्यंत जाई आणि परत येई. घरी शांता विचारत नसे, फक्त चहा ठेवी. नदीकाठची मंडळी हाक मारत. एकदा पाय तिकडे वळले, हे कबूल करतो. चिलीम हातात घेतली नाही, पण बसलो. मग उठून गफूरबाबूंच्या दाराशी गेलो आणि त्यांना सांगितले, की मी तिथे बसून आलो. ते म्हणाले, "बसला अन् उठला. आज एवढंच पुरे." त्या दिवसापासून आमचा करार झाला. मनात आले, की आधी त्यांच्याकडे जायचे.

हुकूम आला. पूर्ण रजा बिनपगारी. कायम होणे एक वर्ष पुढे. दर तीन महिन्यांनी अमरावतीच्या डॉक्टरांचा दाखला. पण नोकरी राहिली. ते एक वर्ष मी एकही दिवस चुकवला नाही असे सांगितले तर ते पुन्हा जुन्या रोगाचे लक्षण ठरेल. मी चार दिवस रजा घेतली. दोनदा झोप बिघडली म्हणून, आणि अर्जात तसेच लिहिले.

ज्यांच्या घरात हे दुखणे आले आहे त्यांना माझे सांगणे थोडेच आहे. माणूस वारंवार रजा घेऊ लागला तर त्याची थट्टा करू नका, त्याला विचारा. आणि जो आजारी आहे त्याने डॉक्टरांना खरे सांगावे. डॉक्टर तुमच्या शब्दावर औषध देतात. पहिल्या पिढीत शिकलेल्या मुलांना वाटते, की आपण पडलो तर सगळ्यांची मान खाली जाईल. मलाही वाटत होते. मी पडलो, आणि उठताना मला चार जणांचे हात लागले. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

गफूरबाबू त्याच वर्षी निवृत्त झाले आणि पातूरला मुलीकडे राहायला गेले. मी कायम झालो तेव्हा त्यांना जे पत्र पाठवले, ते त्यांच्या परवानगीने इथे देतो.

आदरणीय गफूरबाबू यांस,

सलाम आणि जयभीम.

गेल्या आठवड्यात हुकूम हातात आला. मी कायम झालो. तुमच्या जागी बसतात त्यांनी पेढे मागितले, मी दिले, पण पहिला पेढा शिपायाकडून तुमच्या जुन्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून घेतला. सगळे हसले. हसू द्या.

रविवारी गावी गेलो होतो. बाने चावडीजवळच हुकूम वाचायला लावला. पंधरा वीस माणसे जमली. हुकुमात एक ओळ आहे, 'मानसिक आजाराकरिता घेतलेली बिनपगारी रजा वगळून'. तिथे मी थांबलो. बा म्हणाला, "काहून थांबला? वाच नं." मी वाचले. कोणीतरी विचारले, मानसिक म्हणजे काय. बाच उत्तरला, "पोराचं मन बिमार पडलं होतं. इलाज केला. आता तो कायम हाय, अन् खरं लिवून कायम हाय." गफूरबाबू, मी आजवर बाला रडताना दोनदा पाहिले आहे. त्या दिवशी तो रडला नाही. मीच रडलो.

दवाखान्यात मी तुम्हाला म्हणालो होतो, की तुम्ही माझी भाकर हिसकावली. त्याची माफी मी तोंडाने कधी मागितली नाही. तुम्ही मागू दिली नाही, दर वेळी विषय बदललात. कागदावर तुम्हाला विषय बदलता येणार नाही. मला माफ करा.

आता नवी गोष्ट. आपल्या विभागातले एक गृहस्थ परवा कचेरी सुटल्यावर मागे थांबले. नाव लिहीत नाही. खिशातून अर्ज काढला, त्यावर ताप लिहिलेला. हातात धरून उभे राहिले, देईनात, जाईनात. मग म्हणाले, "तायडे, तीन महिने झाले, झोप नाही. तुझा तो अमरावतीचा डॉक्टर कसा माणूस आहे?" मी म्हणालो, चांगला माणूस आहे, चिडत नाही. ते म्हणाले, "लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, मला जे म्हणाले तेच म्हणतील, आणि मी इथेच बसलो आहे. त्यांनी तो अर्ज फाडला.

सोमवारी सकाळच्या गाडीने मी त्यांना घेऊन जातो आहे. माझ्यासाठी एक दिवसाची रजा टाकली आहे. कारण लिहिले, 'ओळखीच्या माणसाला डॉक्टरांकडे नेणे'. साहेबांनी विचारले, सोबत दुसरे कोणी नाही का? मी म्हणालो, सध्या मीच आहे.

आपला,
तायडे